खालच्या मजल्यावर पोचणारी हाक

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारी साडेबाराला मी बाबांना फोन केला, जेवायला वर येताय ना विचारायला. उचलला नाही. पुन्हा केला. अकरा वेळा केला. मग चपला न घालताच जिने उतरून खाली गेले. दार उघडताच करपलेल्या डाळीचा वास आला. कुकरमधलं पाणी केव्हाच आटलं होतं, शिट्या होऊन होऊन थांबल्या होत्या, आणि तिथून आठ पावलांवर बाबा कॉम्प्युटरसमोर पाठमोरे बसून कुणाच्या तरी पुस्तकाची प्रुफं तपासत होते. फोन टेबलाच्या खणात. कानाचं यंत्र चष्म्याच्या डबीशेजारी. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते इतके दचकले की हातातली पेन्सिल खाली पडली. त्यांचा तो चेहरा मला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला.

आम्ही पार्ल्याला, पूर्वेला राहतो. जुनी तीन मजली इमारत. बाबा तळमजल्यावर, मी, नवरा आणि मुलगा दुसऱ्या मजल्यावर. आई गेल्यानंतर बाबांनी वर राहायला यावं म्हणून मी खूप मागे लागले होते, पण त्यांना त्यांचं टेबल, त्यांचे शब्दकोशाचे खंड आणि खिडकीतली जास्वंद सोडायची नव्हती. ते मला पटलं. एकोणऐंशीव्या वर्षी माणसाला स्वतःची कडी आतून लावायचा हक्क असतोच.

बाबा मूळचे जुळारी. गिरगावातल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांची उमेद गेली. पुढे खिळे गेले, कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांनी पन्नाशीजवळ टायपिंग शिकून घेतलं. आता घरबसल्या मुद्रितशोधन करतात. ऐकू येणं मात्र गेल्या सहा-सात वर्षांत हळूहळू ओसरत गेलं. आम्हा पार्लेकरांना विमान डोक्यावरून गेलं की वाक्य अर्धवट थांबवायची सवय असते. बाबा वाक्य थांबवेनासे झाले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. यंत्र लावतात, पण काम करताना काढून ठेवतात, कारण त्यात पंख्याची घरघर माणसाच्या आवाजाइतकीच मोठी होते आणि मग चुका निसटतात.

त्या दिवशी दुपारभर माझ्या डोक्यात एकच विचार होता. बाबांना बेल ऐकू येत नाही, फोन ऐकू येत नाही, पण दिवसाचे सहा तास त्यांची नजर एका पडद्यावर असते. तर मग हाक तिथेच गेली पाहिजे. माझ्या कॉम्प्युटरवरून त्यांच्या कॉम्प्युटरवर, थेट, त्यांच्या कामाच्या वर येऊन थांबेल अशी.

सगळ्यात आधी सोपा मार्ग करून पाहिला. फोनवरचं मेसेजिंग त्यांच्या ब्राउझरमध्ये उघडून दिलं. दोन दिवसांत लक्षात आलं की ते पान इतर पानांच्या मागे जाऊन बसतं आणि बाबा तिकडे वळून बघत नाहीत. शिवाय त्याच आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि आमच्या केबलवाल्याची लाइन दीड दिवस बंद होती. त्या दीड दिवसात वरून खाली एक शब्द जाईना. दोन मजल्यांचं अंतर, मध्ये नुसता जिना, आणि माझा निरोप कुठल्यातरी परक्या गावच्या सर्व्हरवर जाऊन परत पार्ल्यात येणार, तोही लाइन असली तर. हे मला मनापासून खटकलं. घरातला निरोप घरातल्या घरात पोचायला हवा.

आणि मला आठवलं की एके काळी तो पोचत असे. २००१ साली मी फोर्टमधल्या एका ऑफिसात लागले तेव्हा आमच्या सगळ्या मशिनांवर विंडोज २००० होतं. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत 'नेट सेंड' लिहायचं, पुढे समोरच्याच्या मशिनचं नाव, पुढे निरोप. एंटर दाबलं की त्याच्या पडद्याच्या मधोमध राखाडी चौकट उगवायची. 'चहा आलाय.' 'साहेब निघाले.' बंद करेपर्यंत ती चौकट समोरून हलायची नाही. बाबांना हवं होतं ते नेमकं हेच.

करून पाहिलं. आता ती आज्ञाच नाही. शोधल्यावर उलगडलं. नेट सेंडच्या मागे मेसेंजर नावाची एक सेवा चालायची. इंटरनेट घरोघरी पोचल्यावर जाहिरातवाले त्याच वाटेने अनोळखी लोकांच्या पडद्यावर चौकटी उगवायला लागले. म्हणून २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसंचात, ती सेवा मुळातच बंद ठेवण्यात आली आणि पुढे विंडोज व्हिस्टापासून ती काढूनच टाकली. तिच्या जागी 'एमएसजी' नावाची आज्ञा आहे, पण ती विंडोजच्या प्रो आवृत्तीत मिळते, होममध्ये नाही. माझा लॅपटॉप प्रो. बाबांचं मशिन होम. विषय संपला.

मग मुलगा पुढे आला. तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "आई, मी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहितो, वीस-पंचवीस ओळींचं काम आहे," म्हणाला आणि शनिवारी संध्याकाळी बसून त्याने खरंच लिहिलं. एका मशिनवर ऐकणारा प्रोग्रॅम, दुसऱ्यावर बोलणारा. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचा पत्ता द्यायचा. घरातल्या प्रत्येक मशिनला राउटर असा पत्ता देतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते खासगी जाळ्यांसाठी नव्वदच्या दशकापासून राखून ठेवलेले आहेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. तुमच्या घरात १९२.१६८.१.१ असेल आणि शेजारच्या घरातही असेल, काही बिघडत नाही. जसं प्रत्येक इमारतीत खोली नंबर एक असते.

मुलगा खाली बाबांच्या मशिनवर बसला, मी वर. त्याने पाठवलेला 'टेस्ट' माझ्याकडे लगेच आला. मी टाळ्या वाजवल्या. मग मी इथून पाठवला. काहीच नाही. पुन्हा पाठवला. अर्ध्या मिनिटाने 'जोडता आलं नाही' असं उत्तर आलं. खालून वर जात होतं, वरून खाली येत नव्हतं. आणि आम्हाला तर वरून खालीच पाठवायचं होतं.

इथे आमचे तीन दिवस गेले. मुलाने प्रोग्रॅम उलटापालटा करून पाहिला. दोष त्यात नव्हताच. शेवटी दोन्ही मशिनवर आयपीकॉन्फिग ही पत्ता दाखवणारी आज्ञा चालवून मी दोन्ही पत्ते एका कागदावर एकाखाली एक लिहिले, तेव्हा डोळ्यांना दिसलं:

वर: १९२.१६८.१.१०४
खाली: १९२.१६८.०.५

तिसरा आकडा वेगळा. म्हणजे ही दोन मशिनं एका घरात नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी खाली वायफाय पोचत नव्हतं म्हणून मी दुसरा राउटर आणला होता. वरच्या राउटरपासून डक्टमधून केबल खाली सोडली आणि नव्या राउटरच्या वॅन लिहिलेल्या, बाहेरची लाइन जोडायच्या वेगळ्या रंगाच्या भोकात खोचली. इंटरनेट सुरू झालं, मी समाधानी झाले. पण वॅनच्या भोकात केबल घातली की तो राउटर स्वतःचं वेगळं घर थाटतो. वरच्या घराला तो 'बाहेर' समजतो. त्याच्या आतून बाहेर जायला वाट असते, बाहेरून आत यायला नसते, कारण ते संरक्षण म्हणूनच असतं. त्यामुळे बाबांच्या मशिनवरून १९२.१६८.१.१ ला, म्हणजे वरच्या राउटरला, पिंग केलं, 'आहेस का?' विचारलं, तर उत्तर येत होतं आणि माझ्याकडून १९२.१६८.०.५ ला केलं तर नाही. तुमच्याही घरी एकाच दिशेने चालतंय असं दिसलं, तर प्रोग्रॅमच्या मागे न लागता आधी हे दोन पत्ते शेजारी लिहून पाहा. माझे तीन दिवस त्या कागदाने वाचले असते.

उपाय कळायला सोपा. खालच्या राउटरने पत्ते वाटायचं काम सोडून द्यायचं, नुसता दुवा म्हणून राहायचं. त्यासाठी तीन गोष्टी: त्याचा स्वतःचा पत्ता वरच्या घरातला करायचा, पत्ते वाटणारी डीएचसीपी बंद करायची, आणि केबल वॅनमधून काढून बाजूच्या लॅनच्या, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या, भोकात घालायची. काही राउटरमध्ये यासाठी ॲक्सेस पॉइंट म्हणून एकच पर्याय असतो, माझ्या राउटरमध्ये नव्हता.

मी क्रम चुकवला. आधी डीएचसीपी बंद केली आणि सेव्ह दाबलं. राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याचं पान उघडेना. बाबांच्या मशिनला आता पत्ता द्यायला कुणीच नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेतला होता. असा पत्ता दिसला की समजावं, मशिनने हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. त्यांचं काम अडलं होतं, सोमवारी पुस्तकाचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, द्यायचा होता, पण त्यांनी एकदाही घाई केली नाही. मी राउटरच्या मागचं रीसेटचं बारीक भोक दाबायला सेफ्टी पिन शोधत होते, तर त्यांनी खणातून त्यांचा जुना चिमटा काढून दिला, खिळे उचलायचा. टोकं अजून सरळ. त्या चिमट्याने दहा सेकंद दाबून धरलं, दिवे विझले, पुन्हा लागले.

दुसऱ्यांदा क्रमाने केलं. आधी पत्ता १९२.१६८.१.२ केला. वरचा राउटर १०० पासून पुढचे आकडे वाटतो, त्यामुळे २ कुणाला जाणार नव्हता. मग त्या नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद. मग वायफायचं नाव आणि पासवर्ड पुन्हा घातले, कारण रीसेटमध्ये तेही पुसले गेले होते. आणि सगळ्यात शेवटी केबल लॅनच्या भोकात. बाबांच्या मशिनवर आयपीकॉन्फिग चालवलं: १९२.१६८.१.१०७. दोन मजले एका घरात आले.

पण निरोप तरीही जाईना. आता आडवा आला तो फायरवॉल, बाहेरून येणाऱ्याला अडवणारा विंडोजचा पहारेकरी. जाळं बदललं की विंडोज त्याला नवीन जागा समजतो आणि सार्वजनिक धरतो, स्टेशनवरच्या वायफायसारखं, जिथे बाहेरून येणाऱ्या कुणालाही दार उघडायचं नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते खासगी करावं लागलं. शिवाय प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरू होताना 'याला परवानगी द्यायची का' अशी खिडकी येते, तेव्हा बाबांनी 'रद्द' दाबलं होतं. अनोळखी खिडकी आली की रद्द दाबायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं आणि ते बरोबरच आहे. पण एकदा रद्द दाबलं की विंडोज ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारत नाही. फायरवॉलच्या यादीत जाऊन खूण करावी लागते, तीही खासगी जाळ्यापुरतीच. सार्वजनिकपुढची चौकट मी रिकामी ठेवली.

आणि मग वरून मुलाने पाठवलं: 'आजोबा, सूर्यकिरण दिसले का?' चार दिवसांनी तेव्हा नुकतंच ऊन पडलं होतं.

मी खाली बाबांच्या खुर्चीमागे उभी होते. काळ्या खिडकीत एक ओळ उगवली, चौकोनांची. रिकामे चौकोन, एका रांगेत. त्या खिडकीच्या फाँटमध्ये देवनागरी नव्हतीच. मुलाने खाली येऊन दुसरं, नव्या धाटणीचं टर्मिनल टाकलं. पुन्हा पाठवलं. या वेळी अक्षरं आली, पण 'सूर्यकिरण'मधला रफार य वर न चढता बाजूला पाय मोडून उभा होता आणि 'कि'ची वेलांटी क च्या मागे जाऊन पडली होती.

बाबा पुढे वाकले. चष्मा वर करून, पडद्यापासून वीतभर अंतरावरून त्यांनी ती ओळ वाचली. मग म्हणाले, "अरे, हे खिळे नुसते मांडून ठेवलेत. जुळवलेत कुठे?"

इतकं नेमकं वर्णन मला कुठल्याही तांत्रिक लेखात मिळालं नाही. कॉम्प्युटरच्या आत 'सूर्य' हा शब्द पाच सुट्या खुणा असतो: स, दीर्घ उकार, र, पायमोडका, य. त्या याच क्रमाने येतात. र आणि पायमोडका मिळून य वर रफार होऊन बसणं, ऱ्हस्व वेलांटीने उच्चारात नंतर येऊनही लिहिताना अक्षराच्या आधी जाणं, हे जुळवायचं काम पडद्यावर दाखवणाऱ्याचं. ज्याला ते येत नाही तो खिळे तसेच ओतून देतो. बाबांनी पुढचा पाऊण तास नातवाला समजावलं, त्यांच्या खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, केसमध्ये, मात्रा आणि रफार कसे वेगळ्या घरांत असत, ओळ भरताना ते कसे बसवत. नातू आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन विचारत होता, मध्येच कागदावर लिहून दाखवत होता. मी चहा करायला आत गेले आणि मुद्दाम जरा उशिरा बाहेर आले.

मुलाने मग काळी खिडकी सोडून वेगळी छोटी खिडकी उघडणारा बदल केला. त्यात जोडाक्षरं व्यवस्थित बसली. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी बाबांनी खालून मोठा निरोप पाठवला आणि वरचा प्रोग्रॅम कोसळला. आखूड पाठवला की येतो, लांब पाठवला की कोसळतो. कारण मुलाने रात्री शोधून काढलं. त्याने एका वेळी १०२४ बाइट वाचायचे असं लिहिलं होतं. बाइट म्हणजे मजकूर साठवायचं छोटं माप. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, पण यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत आपल्या प्रत्येक खुणेला तीन लागतात, कान्याला तीन, वेलांटीला तीन, पायमोडक्यालाही तीन. एकटा 'सूर्य' पंधरा बाइट खातो. १०२४ ला तीनाने भाग जात नाही. सरसकट मराठी खुणा धरल्या तर ३४१ पूर्ण होतात आणि ३४२ वी मधोमध कापली जाते. कापलेल्या खुणेचा अर्थ लागेना म्हणून प्रोग्रॅम मान टाकत होता. त्याच्या कॉलेजात सगळी उदाहरणं इंग्रजीत, त्यामुळे हे तिथे कधी कळलंच नसतं. त्याने आधी निरोपाची लांबी पाठवायची आणि तेवढे बाइट पुरे होईपर्यंत वाचत राहायचं, असं दुरुस्त केलं.

तरीही मी ठरवलं की रोजच्या वापराला असं काहीतरी हवं जे वर्षानुवर्षं लोकांनी वापरून घोटलेलं आहे. मुलगा परीक्षेत असेल तेव्हा बाबांची हाक अडून राहता कामा नये. शोधताना आयपी मेसेंजर सापडला. जपानच्या हिरोआकी शिरोउझू यांनी लिहिलेला, १९९६ पासूनचा, फुकट आणि अगदी लहान. याला सर्व्हर लागत नाही, खातं लागत नाही, फोन नंबर लागत नाही. सुरू झाला की तो २४२५ या पोर्टवर, म्हणजे मशिनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, अख्ख्या जाळ्याला हाक देतो. चाळीत कुणी गॅलरीत उभं राहून 'कोण कोण आहे घरात?' ओरडावं तसं. ती हाक शेवटचा आकडा २५५ असलेल्या पत्त्यावर जाते आणि तो पत्ता म्हणजे घरातले सगळे. ज्यांच्याकडे हा प्रोग्रॅम चालू आहे ते आपापलं नाव सांगतात, यादी तयार. ही हाक राउटर ओलांडत नाही. आधीच्या मांडणीत आम्ही हा टाकला असता, तर यादीत प्रत्येकाला फक्त स्वतःचं नाव दिसलं असतं.

फायरवॉलची परवानगी या वेळी पहिल्याच झटक्यात दिली. यादीत दोन नावं आली: 'वर' आणि 'बाबा'. मशिनच्या कंपनीने ठेवलेली आकडेवजा नावं आम्ही बदलून टाकली होती. मराठी नीट उमटते. शिवाय फाइल जोडता येते, त्यामुळे छपाईला पाठवायच्या पीडीएफसाठी पेन ड्राइव्ह घेऊन जिने चढणं बंद झालं.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक खूण. निरोप पाठवताना तो पाकिटबंद पाठवता येतो. समोर फक्त 'वर कडून निरोप' अशी खिडकी येते आणि तिच्यावर टिचकी मारून ती उघडावी लागते. उघडली की मला इकडे लगेच सूचना येते: उघडला. ऐकू न येणाऱ्या माणसाला हाक मारणाऱ्यालाच ठाऊक, ती सूचना काय असते. इतकी वर्षं मी जिन्यात उभी राहून ओरडायचे आणि मला कधीच कळायचं नाही की ऐकलं की नाही. आता कळतं.

आवाजाचा उपयोग नव्हता, तर त्याचीही सोय विंडोजमध्येच निघाली. सुलभतेच्या सेटिंगमध्ये ऑडिओखाली, आवाजाची सूचना आली की पडदा लखलखवायचा पर्याय आहे. सगळा पडदा, चालू खिडकी किंवा नुसती तिची वरची पट्टी. मी आधी सगळा पडदा निवडला. बाबा म्हणाले, वीज चमकल्यासारखं होतं, ओळ हरवते. मग नुसती पट्टी ठेवली. ती त्यांना पुरते.

एक गोष्ट जाणूनबुजून केली. वरचा राउटर आणि बाबांचा राउटर, दोन्ही छोट्या यूपीएसवर घेतले, वर एक आणि खाली एक. राउटरला वीज फार लागत नाही, दोन-अडीच तास सहज निघतात. इंटरनेटची लाइन गेली तरी घरातलं जाळं चालू राहतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. राउटरवर इंटरनेटचा दिवा लाल झाला तरी दोन मशिनं एकमेकांशी बोलू शकतात, कारण त्यांच्यामध्ये फक्त आमची केबल आहे. पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय असतं ना, त्यावर मात्र हे चालत नाही. तिथे मशिनं एकमेकांना दिसू नयेत अशीच रचना असते. माझा नवरा फोनसाठी वापरतो ते पाहुण्यांचंच वायफाय लॅपटॉपला देऊन बसला होता, म्हणून त्याचं नाव यादीत येत नव्हतं.

आता रोज साडेबाराला मी लिहिते, 'ताट वाढलंय.' बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात 'उघडला' येतं आणि पाठोपाठ त्यांचं उत्तर, 'एवढं पान संपवून आलो.' पूर्णविरामासकट. बाबा निरोपातही विरामचिन्हं सोडत नाहीत. कधी त्यांचेच निरोप येतात: 'दूधवाला आला होता. दोन पिशव्या घेतल्या.' कधी नातवाला: 'तुझ्या कालच्या निरोपात "आणी" लिहिलंस. वेलांटी ऱ्हस्व.' दिवसाला दहा-बारा तरी होतात. माझ्या लक्षात आलं की आई गेल्यापासून बाबा इतकं बोललेच नव्हते. समोरासमोर बोलताना त्यांना प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागायचं, त्याचा त्यांना संकोच व्हायचा आणि मग ते गप्प राहायचे. लिहिताना तो संकोच नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली एक रात्र सांगते. संध्याकाळपासून पाऊस कोसळत होता. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर मोजला होता, त्या दिवशी बाबांच्या घरात गुडघाभर पाणी होतं आणि त्यांच्या पुस्तकांचं एक अख्खं कपाट गेलं. तेव्हापासून मुसळधार पावसात ते झोपत नाहीत, टेबलाशी बसून राहतात. मला महिनाअखेरचं काम होतं म्हणून मीही जागी होते. इंटरनेट अकरालाच गेलं होतं. पहाटे पावणेचारला माझ्या पडद्यावर पाकीट आलं. उघडलं.

'जागी आहेस का? पाणी फाटकाच्या आत आलं. दुसऱ्या पायरीला लागलंय. अजून वेळ आहे, घाबरू नकोस. शब्दकोशाचे खंड वर न्यायला दोघांना घेऊन ये.'

मी नवऱ्याला आणि मुलाला उठवलं. जिन्यात अंधार होता, तिघंही मोबाइलच्या उजेडात भराभर उतरलो. बेल वाजवायची गरज पडली नाही. निरोप उघडल्याची खूण बाबांना मिळाली होती. ते दार सताड उघडून, हातात टॉर्च घेऊन उंबऱ्यात उभे होते आणि पहिले चार खंड त्यांनी खुर्चीवर काढूनही ठेवले होते.